बुनीच्या मृत्यूची साक्ष

छॉंगजू, ११ जुलै १९८३

नाम यॉनसिम यांस,

आपण मला ओळखत नाही. मी मात्र गेले नऊ दिवस तुम्हाला टीव्हीवर पाहते आहे. पन्नास सालच्या युद्धात ताटातूट झालेल्या माणसांना शोधायचा हा कार्यक्रम सुरू झाल्यापासून आमच्या घरात दुसरं काही लावतच नाहीत. पहिल्यांदा तुम्ही दिसलात तेव्हा मी सासूबाईंबरोबर लसूण सोलत बसले होते. सासूबाई परक्या माणसांसाठी हुंदके देऊन रडतात आणि मधूनच मला म्हणतात, "तू कशी गं इतकी कोरडी?"

तुमच्या गळ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं, 'नाम बुनी. वय सहा. जानेवारी १९५१. जोचिवॉन स्टेशनजवळ चुकामूक. शोधते आहे बहीण, नाम यॉनसिम.' परवा भर उन्हात तुम्हाला चक्कर आली. कुणीतरी पाणी दिलं, तुम्ही ते प्यायलात आणि पुन्हा पाटी उचलून उभ्या राहिलात. ते पाहिलं आणि लिहायचं ठरवलं. पत्ता माहीत नाही, म्हणून तुमच्या पाटीवरच्या क्रमांकावर, यॉइदोला टीव्ही केंद्रासमोरच्या मंडपात पाठवते आहे.

मी आणि बुनी देजॉनच्या एका अनाथाश्रमात एकाच पांघरुणात झोपायचो. ती तुमचं नाव घ्यायची, म्हणून मला खूण पटली. बावन्न सालच्या वसंतात गोवराची साथ आली, त्यात बुनी गेली. आश्रमामागच्या टेकडीवर तिला पुरलं. आता तिथून मोठा रस्ता गेला आहे, त्यामुळे दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ही बातमी देणं माझ्या जिवावर आलं होतं. पण तुम्ही रोज तिथे उभ्या आहात, आणि येणारं कुणी नाही. घरी जा. जिवाला जपा.

उत्तर लिहिलंत तर खाली दिलेल्या लोकरीच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहा. आमच्याकडे पत्रं सासूबाई आधी फोडतात.

युन हेसुक


बुसान, यॉंगदो, २० जुलै

हेसुकबाई,

तुमचं पत्र मंडपातल्या एका कॉलेजच्या पोरीने मला वाचून दाखवलं. वाचता वाचता तीच रडायला लागली, मग मी तिची समजूत घालत बसले. तुमचं अक्षर इतकं सुरेख की माझं दाखवायला लाज वाटते. मी तिसरीत शाळा सोडली. मी गोदीत काम करते. दुरुस्तीला आलेल्या बोटींच्या बुडाचा गंज हातोडीने ठोकून ठोकून काढायचा, आम्ही चाळीस बायका आहोत. त्या ठणठणाटाने कान गेले. फोनवर मला फक्त पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून पत्रच बरं.

टीव्ही केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला माझा कागद काढायला गेले, तर त्याच्यावर तिघांनी आपापले कागद चिकटवलेले. तसाच ठेवला.

आईला सांगितलं. हो, आमची आई आहे अजून, अडुसष्ट वर्षांची, दात सोडले तर सगळं धड. कानाला रेडिओ लावून बेसबॉलच्या मॅचेस ऐकत असते आणि हरले की खेळाडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी सांगितलं तेव्हा तिने रेडिओ बंद केला नाही. मॅच संपेपर्यंत बसली. मग म्हणाली, "त्या बाईला विचार, जायच्या आधी पोरगी जेवली होती का?"

एवढंच विचारायचं आहे. आठवत असेल तर लिहा. नसेल तर जेवली होती असंच लिहा.

आणि ते 'नाम यॉनसिम यांस' नको. सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं. बुनीच्या वयाची आहेस ना? मग ताई म्हण. मला कुणी ताई म्हटल्याला बत्तीस वर्षं झाली.

यॉनसिम


छॉंगजू, २९ जुलै

यॉनसिमताई,

आईंना सांगा, जेवली होती. सातूची पेज आणि अर्धं रताळं. रताळं तिला आवडायचं.

यापुढे तुम्ही पत्र लिहायचे कष्ट घेऊ नका. मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगून झालं आहे. तुम्हा दोघींची तब्येत सांभाळा.

हेसुक


बुसान, २५ सप्टेंबर

हेसुक,

लिहू नका म्हणालीस, तरी लिहिते. मी अशीच आहे.

छुसॉकचा सण झाला. पितरांसाठी पान मांडलं. लग्नाआधी गेलेल्या लहान पोरांचं पान मांडत नाहीत, हे आईलाही माहीत आहे. तरी तिने एक वाटी भात जास्त ठेवला, त्यात पितरांच्या भातात करतात तसा चमचा उभा केला आणि शेजारी रताळं ठेवलं. चमचा तीनदा सरळ केला. तुझ्यामुळे निदान काय ठेवायचं ते कळलं.

मला रताळ्याकडे बघवलं नाही. का ते सांगते. तू परकी आहेस आणि तू तिला ओळखत होतीस. असं दुसरं माणूस मला या जगात कुठे मिळणार?

पाटीवर 'चुकामूक' लिहिलंय ना, ते खोटं आहे.

सोलहून निघालो तेव्हा आई तापाने फणफणलेली. शेजाऱ्यांच्या बैलगाडीत तेवढी तिलाच जागा मिळाली. मी तेरा वर्षांची, बुनी सहाची. आम्ही गाडीमागून चालत. तिच्या पायांना बर्फाने फोड आले होते, म्हणून चौथ्या दिवसापासून ती माझ्या पाठीवर. गाडी थांबायची नाही. ती नजरेआड झाली असती तर आई गेली असती. जोचिवॉनला माझे गुडघे गेले. तिथे एका भातगिरणीची भिंत होती. तिच्या कडेला पेंढ्याच्या पोत्यावर मी तिला बसवलं आणि म्हटलं, "लघवीला जाऊन येते. हलायचं नाही हं."

आणि मी गाडीमागे पळाले.

आईला सांगितलं, स्टेशनातल्या गर्दीत हात सुटला. ती तापातून उठून परत चालत निघाली होती, दोन माणसांनी धरून ठेवली. तिला अजून तेवढंच माहीत आहे. मी हात सोडला नाही, हेसुक. मी तिला नीट बसवली, शाल गुंडाळली आणि मग गेले. हात सुटला असता तर बरं झालं असतं.

आता शिव्या दे, नाहीतर गप्प बस. या महिन्याच्या सुरुवातीला रशियाने आपलं प्रवासी विमान पाडलं तेव्हा गोदीतल्या बायका म्हणत होत्या, "माणसं असं कसं करू शकतात?" मी खाली मान घालून ठोकत राहिले.

ताई


छॉंगजू, १८ ऑक्टोबर

यॉनसिमबाई,

तुमचं पत्र मिळून वीस दिवस झाले. दोनदा उत्तर लिहून फाडलं.

तुम्ही मन मोकळं केलंत, पण ते ऐकणाऱ्याचं काय होईल याचा विचार केलेला दिसत नाही. असो. आता तुम्हाला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट सांगते. बुनी आश्रमात सगळ्यांना सांगायची, "ताईने हलू नको म्हटलं होतं, पण मी हलले. सैनिकांचा ट्रक आला, तो बघायला मी कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले तर ताई येऊन गेली होती." तुम्ही येऊन गेलात अशीच तिची खात्री होती. ती तुम्हाला सापडली नाही, आणि ती तिचीच चूक, असं तिला वाटायचं. कुणी हाक मारली तरी ती जागची हलायची नाही, म्हणून बाईंचा मार खायची. पुन्हा चूक नको म्हणून.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही मागे वळून पाहिलंत का?

युन हेसुक


बुसान, २७ ऑक्टोबर

हेसुकबाई,

तीन दिवस हातोडी उचलली नाही. मुकादमाला सांगितलं, खांदा निखळला.

पाहिलं. एकदाच. हात बाह्यांत घालून बसली होती, माझ्याकडेच बघत होती. तिला वाटलं मी परत येतेय, म्हणून हसली. त्यानंतर वळले असते तर पाय उचलले नसते, म्हणून नाही वळले.

ती ट्रक बघायला गेली ते काही चुकलं नव्हतं हे तिला सांगायला हवं होतं. आता कुठे जाऊन सांगू?

तुम्ही माझ्यावर रागावला आहात ते कळलं. बरं झालं. माझ्यावर माझा एकटीचाच राग पुरत नाही. या पत्रानंतर तुमच्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, पण मागावं लागतंय.

आमचे वडील सोलला छापखान्यात अक्षरं जुळवायचे. पन्नास सालच्या सप्टेंबरात उत्तरेकडची फौज मागे हटली, तिच्याबरोबर ते गेले. स्वतःहून गेले की बंदूक लावून नेले, देव जाणे. पाटीवर त्यांचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही. वडील गेल्यापासून पोलीस ठाण्यातला माणूस अधूनमधून येतो आणि दरवेळी तेच विचारतो. कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत आईने बुनीचं नाव ठेवलंय, जिवंत म्हणून. मग ती कुठे आहे? बापाकडे गेली का? तिकडून निरोप येतो का? या महिन्यात उत्तरेकडच्यांनी रंगूनला स्फोट केला, आपले मंत्री गेले, आणि लगेच दुसऱ्या आठवड्यात तो हजर. या वेळी बूट घालूनच आत आला. आईला तीन तास बसवून ठेवलं. आई म्हणाली, "माझी पोरगी सहा वर्षांची आहे, ती काय निरोप पाठवणार?" तो म्हणाला, "आजी, ती अडतीस वर्षांची असेल."

नोंदवहीत मृत्यू लिहिला गेला तर हे थांबेल. कचेरीत म्हणाले, मरण पाहिलेल्या माणसाची साक्ष आणि त्याच्या नावाचा शिक्का लागेल. ते पाहिलेलं माणूस म्हणजे तुम्ही. फॉर्म सोबत आहे. मी माझं भरलंय. तुम्ही फक्त खाली शिक्का मारून द्या. माझ्यासाठी नको, त्या म्हातारीसाठी मारा.

यॉनसिम


छॉंगजू, १२ नोव्हेंबर

ताई,

फॉर्म परत पाठवते आहे. त्यावर शिक्का नाही.

आठ दिवस तो माझ्या लोकरीच्या पिशवीत होता. काल घरी कुणी नसताना बाहेर काढला. 'मृत व्यक्ती : नाम बुनी' हे तू तुझ्या तिरक्या अक्षरात लिहिलं आहेस. शिक्का लाल शाईत बुडवला, कागदाच्या वर धरला, आणि शाईचा एक थेंब माझ्या बोटावर पडला तरी मी तशीच धरून होते. ताई, मी नाही मारू शकले. मेलेलं माणूस स्वतःच्या मरणाची साक्ष कसं देणार?

मी बुनी आहे.

गोवर आला होता हे खरं आहे. माझ्या पांघरुणातली दुसरी मुलगी त्यात गेली. तिचं मरण मी तुला माझं म्हणून दिलं. पेज आणि अर्धं रताळं तिनेच खाल्लं होतं. त्याचं पान तुमच्याकडे मांडलं गेलं.

का केलं ते सांगते, पण ती सबब आहे असं मी म्हणणार नाही. अकराव्या वर्षी चर्चमधल्या युन कुटुंबाने मला घरकामाला नेलं. पुढे पोरगी बरी आहे असं वाटून नात्यातली म्हणून आपल्या नोंदवहीत लावली, नाव दिलं. लग्न ठरलं ते युनांची पुतणी म्हणून. नवरा शिक्षक, आता उपमुख्याध्यापक. फेब्रुवारीत बढतीची यादी लागेल. बाप उत्तरेत गेलेली बायको निघाली तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. बाबा आम्हाला शिशाची अक्षरं खेळायला आणायचे, ते मला आठवतं. तुझ्या पाटीवर वडिलांच्या नावाची जागा कोरी पाहिली आणि मी समजले की तूही तीच भीती घेऊन उभी आहेस. तरीही उभी आहेस. मी मात्र लसूण सोलत राहिले.

गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण तुला चक्कर आलेली बघवेना. वाटलं, मेले म्हणून सांगितलं की तू घरी जाशील, सावलीत बसशील. तुझ्यासाठी करते आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तू टीव्हीवरून जावीस म्हणून केलं. तू दिसलीस की मला घास उतरत नव्हता. आई आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही मी रताळ्याचं लिहिलं, याला काय म्हणू?

जोचिवॉनचं तू सांगितलंस तेव्हा मला भयंकर राग आला. मग राग आल्याचा आनंद झाला, लाज वाटावी इतका. वाटलं, फिटलं. तू मला टाकलंस, मी तुला टाकलं. त्या आनंदातच ते पत्र लिहिलं. ट्रकचं सगळं खरं आहे, पण ते मी तुला लागावं म्हणून लिहिलं. आणि मग तुझं उत्तर आलं, की मी हसले होते. मला ते आठवत नाही. तू तेरा वर्षांची होतीस, ताई. माझी मोठी आता पंधराची आहे, तिला अजून एकटीला तलावापर्यंत पाठवायला मी घाबरते. तुला माफ करण्यासारखं काही माझ्याकडे उरलेलं नाही. मी अडतीस वर्षांची, पोटभर जेवलेली, गाद्यागिरद्यांत बसलेली, तरी माझ्या म्हाताऱ्या आईला तीन तास पोलिसासमोर बसावं लागलं ते माझ्यामुळे.

काल संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते कोबीची रोपं झाकत होते, आधी ती झाकून पूर्ण केली. मग म्हणाले, "एकवीस वर्षं मी तुला काय वाटत होतो?" बढतीबद्दल एक अक्षर नाही, बाबांबद्दल नाही. फक्त एवढंच. आज सकाळी न जेवता शाळेत गेले. जाताना दारात म्हणाले, "बुसानच्या त्या ठाण्याचा पत्ता विचारून घे. मी स्वतः येऊन जबाब देतो. म्हाताऱ्या बाईला पुन्हा बसवायला नको." सासूबाईंना मी उद्या सांगणार आहे. त्या टीव्हीवरच्या लोकांसाठी रडतात. माझ्यासाठी रडतील की नाही, सांगता येत नाही.

तू आता मला लिही किंवा लिहू नकोस. आईला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तूच ठरव. मेलेली बरी असेन तर तसंच राहू दे. पण मग शिक्का दुसऱ्या कुणाचा तरी आण.

बुनी


बुसान, २० नोव्हेंबर

बुनी,

नाव लिहिलं आणि पेन ठेवून अर्धा तास बोटी बघत बसले.

माझा राग अजून गेला नाही. जावा असं वाटतही नाही. आईने भातात चमचा सरळ केला ते मी रोज बघते, डोळे मिटले की. त्याचं तू काय करशील? काही करू शकणार नाहीस. मी जोचिवॉनचं काही करू शकत नाही, तसंच. तेव्हा ते तसंच राहील. 'फिटलं' वगैरे मला सांगू नकोस. पोरं खेळात म्हणतात तसं म्हणतेस. काही फिटलेलं नाही, ना तुझं ना माझं.

आणखी एक. मी तुला जे सांगितलं ते परकी म्हणून सांगितलं. तू बुनी आहेस हे माहीत असतं तर मेले असते पण सांगितलं नसतं. तुझ्या गळ्यात पडून 'गर्दीत हात सुटला गं' म्हणत रडले असते, आणि तूही 'मी हलले गं' म्हणत रडली असतीस. सगळ्या गोदीने टाळ्या वाजवल्या असत्या. त्यापेक्षा हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

आईला सांगितलं. टीव्हीवरचा तो कार्यक्रम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आधी माझं सांगितलं, मग तुझं. उलट केलं असतं तर तुझ्या आनंदात माझं खपून गेलं असतं, आणि ते मला नको होतं.

भातगिरणी, पोतं, शाल, सगळं सांगितलं. ती मुळा कापत होती. कापायची थांबली नाही. मला वाटलं ऐकूच गेलं नाही, आता तिचेही कान गेले. मग सुरी खाली ठेवली, हात पुसले, उठली, आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी मुळ्यांवर जाऊन पडले. पंचेचाळीस वर्षांची मी! गोदीत पोलाद ठोकते! म्हणाली, "बत्तीस वर्षं हे एकटीने पोटात ठेवलंस? आई मेली होती का तुझी?" आणि दुसरा घातला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

मग तुझं सांगितलं. ती खाली बसली. जिवंत आहे, असं तीनदा वदवून घेतलं. नातवंडं किती ते विचारलं. जावई कसा आहे विचारलं, मी म्हटलं, तुझ्या मुलीपेक्षा धड दिसतो. मग एकदम भडकली. म्हणाली, "म्हणजे मी जिवंत पोरीला भात वाढला? आणि ती तिकडे गप्प बसून राहिली?" असं बोलली, असं बोलली, बेसबॉलवाल्यांनाही ती कधी तसं बोलली नव्हती. शेवटी थकून रडली. मीही. शेजारीण बघायला आली तर तिला हाकलून दिलं.

ठाण्याचा पत्ता खाली लिहिलाय. जावयाला म्हणावं, एकट्याने जाऊ नका, मी बरोबर येते. त्या माणसाला मला काही गोष्टी मोठ्याने सांगायच्या आहेत, आणि मी हळू बोलूच शकत नाही. त्यांची बढती अडली तर तो दोष आपल्या खात्यावर आणखी एक. तो वाहायचाच.

सासूबाई रडल्या का ते कळव. नसतील रडल्या तरी कळव.

दोन डिसेंबरला आईने हिवाळ्याचं किमचीचं लोणचं घालायला कोबी सांगितलाय, साठ गड्डे. आम्ही दोघी म्हाताऱ्या साठ गड्ड्यांचं काय करणार, हे मी तिला विचारलं नाही. स्टेशनवर घ्यायला येऊ का म्हटलं, तर म्हणाली, "काही नको. ती येईल तर आपल्या पायांनी येईल." पण चार दिवसांपासून रोज उजव्या हाताला तेल चोळून घेतेय. का ते विचारलं, तर म्हणाली, बुनीचा धपाटा बाकी आहे, आणि हात दुखरा असला तर नीट बसत नाही.

ये. घेऊन जा.

ताई